सोन्याखालची कळक

गेल्या अंकात फ्लॉरेन्सच्या ब्रॉंझच्या दरवाजावर लिहिलं होतं, शिल्पकार लोरेंझो गिबर्तीने १४२५ ते १४५२ अशी २७ वर्षं खपून केलेला तो सोनेरी दरवाजा, ज्याला सगळे 'स्वर्गाचं दार' म्हणतात. त्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की या वेळचा सगळा कॉलम रेनेसाँसच्या, म्हणजे पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या इटलीच्या, ब्रॉंझलाच देतेय. सारखे प्रश्न होते ते एकत्र केलेत.

प्रश्न (पुण्याहून एक वाचक): ताई, मुलीकडे जर्मनीला गेलो होतो तेव्हा फ्लॉरेन्स करून आलो. बॅप्टिस्ट्रीच्या (बाप्तिस्मा द्यायच्या इमारतीच्या) त्या दरवाजासमोर अर्धा तास उभं राहून फोटो काढले आणि मग गाईड म्हणाला ही कॉपी आहे, खरा दरवाजा म्युझियममधे काचेत आहे. फसवल्यासारखं वाटलं हो. पाचशे वर्षं बाहेर उन्हापावसात टिकला मग आताच काय झालं?

उत्तर: काका, वाईट वाटणं साहजिक आहे. पण तुम्ही जी प्रत बघितलीत ती १९९० मधे बसवलेली आहे आणि ती मूळ दरवाजावरूनच घेतलेल्या साच्यांतून केलीय, म्हणजे आकार गिबर्तीचाच. खरा दरवाजा तिथून चालत पाचेक मिनिटांवर ओपेरा देल दुओमो म्युझियममधे आहे, पुढच्या वेळी गेलात तर तिथे नक्की जा.

आता 'टिकला' म्हणजे कसा टिकला ते बघा. कित्येक पिढ्या लोकांना हा दरवाजा सोनेरी आहे हेच माहीत नव्हतं, इतका काळा थर चढला होता. दुसऱ्या महायुद्धात तो काढून सुरक्षित जागी ठेवला होता, युद्ध संपल्यावर परत बसवायच्या आधी साफसफाई केली तेव्हा खालून सोनं दिसलं. मग शहरातल्या गाड्यांचा धूर वाढत गेला, आणि ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नो नदीला पूर आला. नुसतं पाणी नव्हतं ते, घरं गरम करायच्या तेलाच्या टाक्या फुटून ते तेल चिखलात मिसळलं होतं. पाण्याच्या माऱ्याने दरवाजाची पॅनल्स चौकटीतून निखळून पडली, सगळी नाही पण बरीच. एकेक पॅनल साधारण ८० सेंटिमीटर चौरस, भरीव ओतीव काम, ते निखळायला केवढा जोर लागला असेल.

पण खरा रोग पुराच्या आधीपासूनचा होता आणि तो वरून दिसत नव्हता. हे सोनं कसं चढवलंय बघा: सोनं पाऱ्यात विरघळवून लोण्यासारखा लगदा करायचा, तो ब्रॉंझवर फासायचा आणि तापवायचं, पारा उडून जातो आणि सोनं धातूला घट्ट धरून बसतं. (पाऱ्याची वाफ विषारी, ती किती कारागिरांच्या छातीत गेली असेल त्याचा हिशोब कुणी ठेवला नाही.) हा मुलामा जेमतेम काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा, आणि त्याला डोळ्याला न दिसणारी बारीक बारीक छिद्रं असतात. सोन्याला काही होत नाही, पण त्या छिद्रांतून दमट हवा खाली शिरते आणि खालच्या ब्रॉंझमधलं तांबं कळकायला लागतं, उलट सोनं शेजारी असल्यामुळे तांबं जास्तच वेगाने खराब होतं, दोन धातू एकत्र ओले झाले की जो लवकर खराब होणारा असतो तो मार खातो. तिथे क्षार तयार होतात. हवेतली ओल वाढली की ते फुगतात, कमी झाली की आकसतात, परत फुगतात, आणि असं करत करत सोन्याला खालून ढकलतात. आधी पुळी येते, मग ती फुटते आणि तिथे खड्डा. तुम्ही मऊ फडक्याने जरी पुसलंत तरी त्या पुळीवरचं सोनं फडक्यावर येणार. म्हणजे घाण सोन्याच्या वरही आणि खालीही.

म्हणून इतकी वर्षं लागली. करायला २७ वर्षं लागली होती आणि रिस्टोरेशनलाही जवळपास तेवढीच. काम केलं फ्लॉरेन्सच्याच ओपिफिचिओ देल्ले पिएत्रे दुरे या संस्थेने, १५८८ मधे फ्लॉरेन्सच्या मेदिची राजघराण्याने रंगीत दगडांच्या जडावकामासाठी काढलेला हा कारखाना, आज जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या रिस्टोरेशन संस्थांपैकी एक. सुरुवातीला पॅनल काढून रोशेल सॉल्ट नावाच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायचे, तो सोन्याला हात न लावता तांब्याचे क्षार ओढून घेतो, मग शुद्ध पाण्याने परत परत धुवायचं, जराही शिल्लक राहता कामा नये. पण पॅनल चौकटीत इतकी घट्ट बसलेली की काढतानाच इजा व्हायची भीती, आणि चौकटीवरची नक्षी, त्यातली छोटी डोकी (त्यात एक टक्कल पडलेलं डोकं खुद्द गिबर्तीचं आहे), ती तर निघतच नव्हती. मग तिथल्या भौतिकशास्त्रज्ञांबरोबर बसून लेझर तयार केला. त्यामागचा विचार मला अजून थक्क करतो: काळा थर लेझरचा प्रकाश पिऊन घेतो आणि तापून उडून जातो, सोनं तोच प्रकाश परतवून लावतं. झोत इतका क्षणभराचा की उष्णता खाली पोचायच्या आत काम झालेलं असतं. पॅनल जागेवर ठेवूनच साफ करता आलं.

साफ झालेली पॅनल्स बाकीची होईपर्यंत नायट्रोजन भरलेल्या पेट्यांत ठेवली होती, कारण ओल आणि ऑक्सिजन मिळाला की खालचे क्षार परत जागे होतात. ते सगळे निघालेले नाहीत, निघणारही नाहीत. सप्टेंबर २०१२ पासून अख्खा दरवाजा कोरड्या हवेच्या काचेत उभा आहे. ती काच काढली तर काही वर्षांत पुळ्या परत येतील. म्हणून काच.

मी गेले होते तेव्हा बायबलमधल्या याकोब आणि एसाव या भावांच्या पॅनलसमोर बराच वेळ होते. एसावबरोबर त्याचे शिकारी कुत्रे आहेत, पुढे, जवळजवळ पॅनलच्या बाहेर आलेले. मागची माणसं मात्र नुसत्या नखाने ओरखडल्यासारखी उथळ. बाहेरच्या प्रतीत आकार सगळा आहे पण उथळ भागात सोन्यावरून उजेड जसा सरकतो तसा तिथे सरकत नाही.

प्रश्न (नाशिकच्या एक वाचक): आमच्याकडे दर सणाला देव चिंचेने घासून लख्ख होतात, अर्ध्या तासाचं काम. यांना २७ वर्षं का लागावीत? चिंच नाही का चालत?

उत्तर: तुमचा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला, कारण चिंच आणि तो दरवाजा यांचं खरंच नातं आहे. चिंचेतलं मुख्य आम्ल म्हणजे टार्टारिक आम्ल. आणि वर ज्या रोशेल सॉल्टबद्दल लिहिलं ना, ते याच टार्टारिक आम्लाचं मीठ आहे, तिकडे ते वाइनच्या पिंपात तळाला बसणाऱ्या साक्यापासून करतात. म्हणजे गुण तोच, तांब्याला धरून ओढून आणायचा. फरक एवढाच की चिंच आंबट आहे, ती कळकीबरोबर धातूही खाते, आणि रोशेल सॉल्ट आंबट नाही, ते कळक उचलतं आणि सोनं सोडून देतं.

आणि आपण चिंचेबरोबर मीठ घेतो, वर नारळाची शेंडी नाहीतर राख. मिठातलं क्लोराइड हा ब्रॉंझचा सगळ्यात मोठा शत्रू, त्याबद्दल खाली नागपूरच्या प्रश्नात लिहिलंय. रोजच्या पितळेच्या भांड्याला चालतं, ते वापरून झिजायचंच असतं. माझ्या आजीची समई आहे, वर मोर. लहानपणी मोराला डोळा होता, पंखांवर रेघा होत्या, मला बोटाला लागायच्या. दर सणाला प्रेमाने घासून घासून आता डोळ्याच्या जागी गुळगुळीत उंचवटा उरलाय, फोटोत बघितलं तर चोचही कळत नाही. आजीने काही चूक केली नाही, देव्हाऱ्यातली वस्तू होती, तिची सेवा तशीच होते. पण म्युझियममधल्या मूर्तीचं तसं झालं तर शिल्पकाराचा हातच पुसला जातो, कारण रेनेसाँसच्या ब्रॉंझमधे ओतल्यानंतर छिन्नीने, कानशीने केस, नखं, कापडाची वीण कोरायचे आणि ते सगळं अगदी वरच्या पातळ थरात असतं. सगळ्यात आधी तेच जातं.

आणखी एक, बरेच जण पितळ आणि ब्रॉंझ एकच समजतात म्हणून सांगते. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, ब्रॉंझ म्हणजे तांबं आणि कथील, आपण तळपाय चोळायला काशाची वाटी घेतो ना ते कासं ब्रॉंझच्याच घरातलं, त्यात कथील खूप असतं. पुतळ्याच्या ब्रॉंझमधे कथील बरंच कमी, आणि ओतायला सोपं जावं म्हणून शिसं, जस्त पण असायचं. ज्यावर सोनं चढवायचं त्यात शिसं जास्त चालत नाही, मुलामा नीट धरत नाही.

प्रश्न (कोल्हापूर, ओतकाम करणारे एक वाचक): आम्ही पिढीजात ओतारी. मेणाचा साचा, मातीचा गाभा, सगळं ओळखीचं आहे. पण एवढ्या मोठ्या पुतळ्यात गाभा आणि लोखंडी सळ्या आतच राहत असतील तर पुढे त्याचं काय होतं?

उत्तर: दादा, एवढा नेमका प्रश्न फार कमी जण विचारतात. होय, आत राहतात, आणि बऱ्याच पुतळ्यांचं दुखणं तिथूनच सुरू होतं. गाभ्याची माती सच्छिद्र, ती ओल धरून ठेवते आणि तिच्यातले क्षार हळूहळू भिंतीतून बाहेर येतात. लोखंडाच्या सळ्या गंजल्या की फुगतात, आणि गंज फुगायला लागला की ब्रॉंझची भिंत आतून तडकते. म्हणून रिस्टोररने वरच्या पृष्ठभागाला हात लावायच्या आधी आत बघायचं असतं. पाय-तळाच्या भोकातून एंडोस्कोप, डॉक्टर पोटात घालतात तसाच, आणि एक्स-रे, जाड भाग असेल तर गॅमा किरण, त्यात सळ्या, गाभा धरणाऱ्या खिळ्या, ओततानाची पोकळी, नंतर लावलेली ठिगळं सगळं दिसतं. जमेल तेवढा गाभा काढतात पण सगळा टाकून देत नाहीत, नमुना जपून ठेवतात, कारण त्या भाजलेल्या मातीवरून ती किती जुनी आहे याचा अंदाज येतो आणि ती कुठली माती आहे त्यावरून कधीकधी ओतशाळाही शोधता येते.

तुमच्यासाठी दोन मूर्ती सांगते. एक, शिल्पकार वेर्रोक्योची 'ख्रिस्त आणि थॉमस', फ्लॉरेन्सच्या ऑर्सान्मिकेले इमारतीच्या कोनाड्यासाठी केलेली, १४८३ मधे बसवली. समोरून बघाल तर दोन भरदार माणसं, वस्त्रांच्या चुण्याच चुण्या, आणि पाठ उघडी! कोनाड्यात मागून कोण बघणार म्हणून मागची बाजू ओतलीच नाही, धातू वाचवला, वजन वाचवलं. रिस्टोरेशनला खाली उतरवली तेव्हा आतून भिंत किती पातळ ओतलीय ते नीट अभ्यासता आलं. आता मूळ मूर्ती आत वरच्या मजल्यावरच्या म्युझियममधे, कोनाड्यात प्रत. दुसरी शिल्पकार दोनातेल्लोची 'जुडिथ' (बायबलमधली एक शूर स्त्री), ती तुकड्यातुकड्यांत ओतून जोडलीय आणि तिच्या डोक्यावरच्या वस्त्रासाठी खरं कापड मेणात बुडवून वापरलंय, कपाळाजवळ कापडाची वीण धातूत उमटलेली दिसते. तुमच्या हाताखालची मुलं असतील त्यांना हा फोटो दाखवाच.

आणि शिल्पकार चेल्लिनीच्या पर्सिअसची (ग्रीक पुराणातल्या वीराच्या पुतळ्याची) गोष्ट तर ओताऱ्याने ऐकायलाच हवी. ओतायच्या दिवशी चेल्लिनीला सडकून ताप, तो अंथरुणावर, निरोप आला की रस गोठला. तो उठून आला, ओकची लाकडं घातली, आणि घरातली कथलाची ताटं-वाट्या, त्याच्याच आत्मचरित्रात आकडा आहे सुमारे २००, भट्टीत टाकली. कथलाने रस पातळ होतो हे तुम्हाला सांगायला नको. मूस भरली, फक्त उजव्या पायाची बोटं राहिली.

प्रश्न (नागपूर, एक विद्यार्थिनी): मॅम, हिरवा रंग म्हणजे पॅटिना, तो जपायचा असतो असं वाचलंय. मग ब्रॉंझ डिसीज पण हिरवाच म्हणतात. ओळखायचं कसं?

उत्तर: हात लावून बघ, म्हणजे बोट नाही, लाकडी काडीचं टोक. चांगला थर घट्ट असतो, धातूला चिकटून बसलेला म्हण, गुळगुळीत, रंग गडद हिरवा किंवा तपकिरी, तो खालच्या धातूचं रक्षण करतो. रोगाचा हिरवा फिकट, पोपटी, पावडरसारखा, ठिपक्याठिपक्यांत येतो आणि काडी लावली की भुरभुर पडतो. झटकला तर चार दिवसांनी परत त्याच जागी. आत तांब्याचं क्लोराइड लपलेलं असतं, ओल आणि हवा मिळाली की त्याची ही पावडर होते आणि त्यात तयार होणारं आम्ल अजून तांबं खातं, म्हणजे एकदा सुरू झालं की स्वतःलाच खाऊ घालतं. जमिनीत पुरलेल्या किंवा समुद्राजवळच्या वस्तूंना हे जास्त होतं. पावसाने भिजणाऱ्या शहरातल्या पुतळ्यांवरचा हिरवा बहुतेक वेळा सल्फेटचा असतो, तो वेगळा, बघ पाणी ओघळतं तिथे फिकट हिरवे पट्टे आणि पाणी पोचत नाही त्या काखेत, हनुवटीखाली काळे चट्टे.

उपाय म्हणजे आधी कोरडं करणं. आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास किंवा खाली ठेवली तर रोग झोपतो. मग बेंझोट्रायाझोल नावाचं रसायन, ते तांब्यावर एक पातळ पडदा धरतं, आणि वरून ॲक्रिलिक लाखेचा हात किंवा मायक्रोक्रिस्टलाइन मेण. बेंझोट्रायाझोल हाताळताना हातमोजे आणि चांगली हवा खेळती हवी, कॉलेजच्या लॅबमधे एकटीने करून बघू नकोस. मेण म्हणजे आपली कल्हई समज, एकदा लावून संपत नाही, उडाली की परत लावावी लागते. बाहेरच्या पुतळ्यांचं मेण दर वर्ष-दोन वर्षांनी बघावंच लागतं आणि बहुतेक ठिकाणी पैसे मिळतात ते मोठ्या रिस्टोरेशनला, या साध्या मेणाच्या हाताला कुणी पैसे देत नाही. मला याचं मनापासून दुःख होतं. वीस वर्षं दुर्लक्ष करून मग मोठा खर्च करण्यापेक्षा दर वर्षी शिडी लावून दोन माणसं दोन दिवस काम करतील तर पुतळ्याला लेझरची गरजच पडायची नाही.

प्रश्न (न्यू जर्सीहून एक वाचक): दोनातेल्लोचा डेव्हिड आम्ही पुस्तकात कायम काळा बघितला. आता म्हणतात केस सोनेरी होते. मग ते सोनं परत का चढवत नाहीत, खरा तसाच होता ना?

उत्तर: डेव्हिडचं काम फ्लॉरेन्सच्या बार्जेल्लो म्युझियममधे २००७-०८ मधे झालं, आणि लोकांसमोर झालं, हॉलमधेच आडवा ठेवून, तिकीट काढून आलेला माणूस उभं राहून बघू शकत होता. लेझर आणि स्कॅल्पेल (सर्जनची बारीक सुरी). वरचा काळपट थर काढत गेले तसे केसांत सोन्याचे अंश दिसले. वेर्रोक्योच्या डेव्हिडलाही २००३ च्या रिस्टोरेशनमधे असंच सोनं सापडलं होतं.

आता गंमत अशी की काळा रंग सगळाच घाण नव्हे. कलाकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वाझारीने १५५० मधे लिहून ठेवलंय की काही जण ब्रॉंझला तेलाने काळं करतात, काही व्हिनेगरने हिरवं, काही वार्निश देऊन काळं. म्हणजे शिल्पकाराने मुद्दाम दिलेला रंग पण असू शकतो, नंतर कुणीतरी सगळे पुतळे एकसारखे 'जुने' दिसावेत म्हणून फासलेला पण असू शकतो, आणि दोन्ही काळेच. म्हणून एवढासा चौकोन साफ करून, नमुना मायक्रोस्कोपखाली बघून, मग पुढचा चौकोन. चुकून मूळ वार्निश निघालं तर ते परत आणता येत नाही.

सोनं परत चढवायच्या मी पूर्ण विरोधात आहे. आज चढवलेलं सोनं आमचं असेल, दोनातेल्लोचं नाही, आणि पाऱ्याने चढवायचं म्हटलं तर पुतळा तापवावा लागेल म्हणजे आत्ता जे चार कण उरलेत तेही जातील. ज्यांना पूर्ण सोनेरी डेव्हिड बघायचाय त्यांच्यासाठी प्रत करा, कॉम्प्युटरवर करा. आम्ही जे लावू ते उद्या काढता आलं पाहिजे, हा नियम मी माझ्या हाताखाली शिकणाऱ्यांकडून पहिल्या दिवशी वदवून घेते.

प्रश्न (ठाणे): मग पर्सिअस अजून उघड्यावर कसा?

उत्तर: अगदी उघड्यावर नाही, फ्लॉरेन्सच्या मुख्य चौकातल्या लोज्जा देई लांझी या कमानींच्या मंडपाच्या छपराखाली आहे. १९९६ मधे काढून नेला, २००० मधे परत आणला, आणि मूळच आणला. पाऊस थेट लागत नाही, आणि त्याच्यावर दरवाजासारखा सोन्याचा नाजूक मुलामाही नाही. चौथऱ्यावरच्या छोट्या मूर्ती मात्र मूळ बार्जेल्लोत आहेत. मला हा निर्णय पटतो, पर्सिअस त्या चौकासाठीच केला होता, पण लक्ष ठेवावं लागणार हे नक्की.

प्रश्न (रत्नागिरी): आजोबांनी इटलीहून आणलेला वीतभर ब्रॉंझचा पुतळा आहे, जुना आहे का नव्याने केलेला माहीत नाही. पावसाळ्यात हिरवे ठिपके येतात. काय करू?

उत्तर: आधी काय करू नका ते सांगते: चिंच, लिंबू, टूथपेस्ट, खोबरेल तेल काही लावू नका, पाण्याने धुऊ नका. उघड्या हाताने धरू नका, घामात मीठ असतं, सुती हातमोजे घाला. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका. मग झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, तळाला सिलिका जेलच्या पुड्या, आणि बाजारात दोन-तीनशे रुपयांना मिळणारा छोटा आर्द्रतामापक आत टाका. कोकणात जून ते सप्टेंबर बाहेर ८०-९० टक्के असते, डब्यात ती ४० च्या खाली आली पाहिजे, वर गेली की जेल बदला किंवा मंद आचेच्या ओव्हनमधे सुकवून परत वापरा. पुतळ्याखाली काळा कागद ठेवा, त्यावर हिरवी पावडर पडली तर लगेच दिसेल. दोन महिने बघा.

पावडर पडत राहिली तर जाणकाराला दाखवा, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कला जतन केंद्र आहे, तिथे विचारा. जाताना ती पडलेली पावडर त्याच काळ्या कागदाच्या पुडीत बांधून सोबत न्या, फेकू नका, तपासायला तीच लागते.